अंतिम काळ शिकवणारा बेळगावचा अभ्यासवर्ग : एक परीक्षण

बेळगावच्या कॅम्प भागातील एका सभागृहात पावसाळ्यातील शनिवारी दुपारी दानीएल आणि प्रकटीकरण या दोन पुस्तकांवर मराठीतून अभ्यासवर्ग भरतो. एकूण सहा सत्रे, प्रत्येक सत्र सुमारे अडीच तासांचे, शुल्क ५०० रुपये. त्यात छापील पुस्तिका, भिंतीवरच्या काळतक्त्याची लहान प्रत आणि मधल्या सुटीतला चहा एवढे मिळते. वर्ग कोणत्याही एका मंडळीचा नाही असे आयोजक सांगतात आणि समोर बसलेली माणसे पाहिली की ते पटते, कारण शहरातील मेथडिस्ट कुटुंबे, खानापूर बाजूचे कॅथलिक, निपाणी-चिकोडीकडून येणारे पेंटेकॉस्टल तरुण आणि कोणत्याच मंडळीत नीट न रुळलेले काही जिज्ञासू असे सर्व एकाच बाकावर दिसतात. शिक्षकांचे आणि संस्थेचे नाव येथे देत नाही. वर्ग लहान आहे, माणसे एकमेकांच्या ओळखीची आहेत, आणि पुढे जे दोष दाखवायचे आहेत ते शिकवण्याच्या पद्धतीचे आहेत, व्यक्तीचे नाहीत.

अशा विषयाच्या वर्गाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी स्पष्ट केलेले बरे. भविष्यवाणीच्या अर्थाविषयी ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत आणि ते काल-परवाचे नाहीत. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने यरुशलेमेत ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य होईल हे आपले मत मांडले आणि त्याच दमात, शुद्ध व धार्मिक विश्वासाचे पुष्कळ लोक असे मानत नाहीत, हेही कबूल केले. तेव्हा वर्गाने मतभेद मिटवावेत असे कोणी म्हणणार नाही. प्रत्येक मताला कोठेतरी किंमत मोजावी लागते. कोणाला वर्षांच्या हिशेबात, कोणाला शब्दांच्या साध्या अर्थात, कोणाला इतिहासाच्या साक्षीत. चांगल्या वर्गाने ही किंमत प्रत्येक मताच्या नावापुढे मांडावी. हा वर्ग इतरांची किंमत पै-पैसहित मांडतो आणि स्वतःची बहुतेक वेळा झाकून ठेवतो. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे; बाकी पुष्कळ गोष्टींसाठी वर्ग कौतुकास पात्र आहे.

पहिले सत्र चांगले झाले. प्रकटीकरण वाचण्याच्या चार पद्धती शिक्षकांनी फळ्यावर मांडल्या. भूतकालवादी म्हणतात की या पुस्तकातील बहुतेक गोष्टी पहिल्या शतकातच, रोमी सत्तेच्या छळात आणि इ. स. ७० मध्ये झालेल्या यरुशलेमेतील मंदिराच्या विध्वंसात, घडून गेल्या. इतिहासवादी त्यात प्रेषितांच्या काळापासून जगाच्या अंतापर्यंतचा मंडळीचा सलग इतिहास पाहतात. भविष्यवादी चौथ्या अध्यायापासून पुढचे जवळजवळ सर्व काही अजून घडायचे आहे असे धरतात; वर्गाचे स्वतःचे मत हेच. प्रतीकवादी मात्र श्वापद, कर्णे आणि वाट्या यांत प्रत्येक युगात पुन्हापुन्हा दिसणारा देवाचा आणि दुष्टाईचा संघर्ष वाचतात. एकच मजकूर चार सज्जन चार प्रकारे कसा वाचू शकतात, असा प्रश्न एका तरुणाने विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून एका निवृत्त शिक्षकांनी, ‘महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आमच्याकडे आहेच की!’ असे म्हटले आणि वर्ग हसला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात एक बाजू त्याला अंतिम शब्द मानते, दुसरी तो मुळापासून नाकारते, आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, हे येथे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. शिक्षकही हसले, पण त्यांनी धागा सोडला नाही. मतभेद निकालाच्या टप्प्यावर उघड होत असले तरी ते वाचनाच्या आधीच ठरलेले असतात, हे त्यांनी नीट समजावले: पुस्तकाचा प्रकार कोणता, इस्राएल आणि मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी की एक, आणि आकडे मोजण्यासाठी आहेत की अर्थासाठी. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी दिली, त्याचा पुढचा तक्ता जवळपास आपोआप तयार होतो.

पात्म बेटावरून लिहिलेल्या या पुस्तकाच्या काळाविषयीही याच सत्रात बोलणे झाले. रोमी सम्राट डोमिशनच्या राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास, हे दर्शन झाले अशी दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसची साक्ष आहे. ती मानली तर पुस्तकाचे मुख्य भाकीत इ. स. ७० मध्ये पूर्ण झाले असे म्हणता येत नाही, म्हणून भूतकालवाद्यांतील पुष्कळ जण पुस्तक नीरोच्या काळात ओढतात. शिक्षकांनी हा मुद्दा जोरात मांडला. परंतु भूतकालवाद्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा त्यांनी ओझरता उल्लेख करून सोडला. ‘नीरो कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत लिहून त्यांची किंमत मिळवली की ६६६, म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाचा आकडा, होते, आणि शेवटचा न गाळून लिहिले तर ६१६. काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा आहे, आणि तो इरेनियसलाही ठाऊक होता, जरी त्याने तो चुकीचा ठरवला. दोन्ही आकडे एकाच नावातून निघावेत ही साधी गोष्ट नाही. त्याला उत्तर असेल तर द्यावे. दोन वाक्यांत पुढे जाऊ नये.

तिसरे सत्र दानीएलाच्या नवव्या अध्यायावर होते आणि केवळ त्या एका सत्रासाठीही शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघाल्यापासून मोजायची सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे, त्यांतील पहिली एकोणसत्तर (सात आणि बासष्ट) म्हणजे ४८३, येथपर्यंत बहुतेक पारंपरिक वाचकांचे एकमत. खरी भांडणे पहिल्या दिवसापासून आणि शेवटच्या सप्तकापासून सुरू होतात. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायातील आज्ञा इ. स. पू. ४४५ ची धरली, वर्ष ३६० दिवसांचे मानले आणि १,७३,८८० दिवस मोजून इ. स. ३२ मधील येशूच्या यरुशलेम-प्रवेशापर्यंत पोहोचले. ॲडव्हेंटिस्ट आणि त्यांच्या आधीचे इतिहासवादी एज्राच्या सातव्या अध्यायापासून, इ. स. पू. ४५७ पासून, साधी सौर वर्षे मोजतात आणि इ. स. २७ ला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वर्षाला, येतात. तिसरा पक्ष तिसऱ्या शतकातील पॉर्फिरीइतका जुना आहे. तो ख्रिस्ती धर्माचा टीकाकार होता, पण आज अनेक ख्रिस्ती अभ्यासकही या ठिकाणी त्याच्याच बाजूला उभे आहेत. त्यांच्या मते शेवटचे सप्तक यहुद्यांना छळणारा ग्रीक वंशाचा राजा अंतियुखस एपिफेनीस याच्या काळाचे आहे: इ. स. पू. १७१ च्या सुमारास मुख्य याजक ओनियसचा खून, १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट होणे आणि १६४ मध्ये त्याचे शुद्धीकरण.

शिक्षकांनी तिन्ही हिशेब फळ्यावर लिहून दाखवले, आणि विद्यार्थ्यांकडून बेरजा-वजाबाक्या करून घेतल्या, हे मला फार आवडले. यहुद्यांना बंदिवासातून परतण्याची परवानगी मिळाली त्या इ. स. पू. ५३८ पासून १७१ पर्यंत ३६७ वर्षे होतात, तर बासष्ट सप्तकांची ४३४ हवीत; म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या हिशेबात सुमारे ६७ वर्षे कमी पडतात. हे सर्वांना समजले. दुसऱ्या पक्षाची अडचण अशी की एज्राला मिळालेल्या पत्रात नगर पुन्हा बांधण्याचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि शेवटचे सप्तक इ. स. ३४ ला संपवायचे तर स्तेफनाच्या मृत्यूसारखी घटना तेथे आणून बसवावी लागते. हेही समजले. पहिल्या, म्हणजे शिक्षकांच्याच, पक्षाची वेळ आली तेव्हा मात्र फळा पुसला गेला. एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकाच्या मध्ये जवळजवळ दोन हजार वर्षांची पोकळी धरावी लागते, तिचा उल्लेख अध्यायात कोठेही नाही, आणि ४९० वर्षांची मुदत सांगणाऱ्या वचनात त्याच्या चौपट लांबीची विश्रांती का असावी हा सरळ प्रश्न आहे. मी तो विचारला. ‘ती मंडळीची युगे आहेत, संदेष्ट्याला ती दिसली नाहीत’ असे उत्तर मिळाले. उत्तर म्हणून ते चालेल, पुरावा म्हणून नाही. गंमत अशी की शिक्षकांच्या बाजूने एक चांगला मुद्दा होता आणि तो त्यांनी वापरलाच नाही: तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटसने शेवटचे सप्तक जगाच्या अंताशी जोडले होते, त्यामुळे ही पोकळी एकोणिसाव्या शतकातच जन्मली असे म्हणणाऱ्यांना त्याच्याकडे बोट दाखवता येते.

मंडळी महासंकटाच्या, म्हणजे जगाच्या अंतापूर्वीच्या मोठ्या छळाच्या, आधी स्वर्गात उचलली जाईल, हे पुस्तिकेत सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे छापले आहे. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणारे मेघारूढ प्रभूला भेटण्यास उचलले जातील असे आहे, पण ते संकटाच्या आधी की नंतर हे त्या वचनात नाही. ते इतर वचनांची सांगड घालून ठरवावे लागते. ही सांगड जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात घातली, स्कोफील्डच्या १९०९ च्या टिपांसह छापलेल्या बायबलमुळे ती सर्वत्र पसरली, आणि डार्बींच्याच प्लिमथ मंडळीतील बेंजामिन न्यूटन यांनी तिला पहिल्यापासून विरोध केला. यांतील एकही नाव पुस्तिकेत नाही. वर्गातील पेंटेकॉस्टल तरुणांना आपण प्रेषितांच्या काळापासून अखंड चालत आलेले मत ऐकत आहोत असे वाटले असणार, आणि तसे वाटू देणे योग्य नव्हते. मत नवे आहे म्हणून खोटे ठरत नाही. पण ते कोणाचे आणि कधीचे, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

याच्या अगदी उलट अनुभव चौथ्या सत्रात आला. विषय ख्रिस्तविरोधकाचा होता आणि खानापूरच्या कॅथलिक बाई पहिल्याच रांगेत होत्या. धर्मसुधारणेच्या काळापासून इतिहासवादी प्रॉटेस्टंटांनी पोपपदालाच ख्रिस्तविरोधक ठरवले. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात ते लिहूनही ठेवले. आणि प्रकटीकरणातील १,२६० दिवस म्हणजे तितकी वर्षे धरून इ. स. ५३८ पासून १७९८ पर्यंतचा हिशेब केला, ज्या वर्षी फ्रेंच सेनापती बेर्तिए याच्या फौजेने रोम घेतले आणि पोप सहावे पायस कैद झाले. हे सांगताना शिक्षकांचा आवाज जपून येत होता. बाईंनी शांतपणे विचारले, ‘सर, मग आम्ही येथे बसायचं की नाही?’ त्यावर शिक्षकांनी जे सांगितले ते वर्गातील सर्वांत उत्तम उत्तर होते. आज बहुतेक इव्हँजेलिकल मंडळ्यांत रुळलेली भविष्यवादी पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को रिबेरा या स्पॅनिश जेझुइटाने नव्याने मांडली, आणि १६१४ मध्ये भूतकालवादी पद्धतीची पहिली सविस्तर मांडणी लुइस दे अल्काझार या दुसऱ्या जेझुइटाची प्रसिद्ध झाली. तेव्हा, ‘या खोलीतले निम्मे लोक नकळत तुमच्याच धर्मगुरूंचे शिष्य आहेत, बाई, तुम्ही अगदी पुढेच बसा,’ असे ते म्हणाले. बाई बसल्या. पुढच्या सत्रालाही आल्या. ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत प्रकटीकरणाविषयी उघड नाराजी लिहिली आणि १५३० मध्ये तेच पुस्तक मंडळीच्या इतिहासाचा नकाशा म्हणून वाचले, हा तपशीलही याच दिवशी आला. एवढा मोठा माणूस आठ वर्षांत वाचनाची पद्धत बदलतो, हे ऐकून वर्गातील चढलेले आवाज थोडे खाली आले.

हजार वर्षांच्या राज्यावरील सत्र त्रोटक झाले. विसाव्या अध्यायातील हजार वर्षे ख्रिस्ताच्या येण्यानंतरची की सध्या चालू असलेलीच, याबाबत ऑगस्टीनने स्वतःचे आधीचे मत सोडून चालू युगाच्या बाजूने निर्णय दिला आणि पश्चिमेकडील मंडळीत तोच शतकानुशतके टिकला, एवढे सांगितले गेले. तिसरे मत, म्हणजे सुवार्तेच्या प्रसाराने जग सुधारत जाईल आणि त्या सुवर्णयुगाच्या शेवटी प्रभू येईल, हे ‘आता कोणी मानत नाही’ या वाक्यात संपवले. बेळगावात तरी हे असे संपवू नये. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली येथे काम सुरू केले, आणि त्या पिढीतील मिशनकार्याला याच आशेचे बळ होते; राष्ट्रे सुवार्ता ऐकतील, शाळा निघतील, मग प्रभू येईल, असा त्यांचा क्रम होता. आजूबाजूच्या जुन्या मिशन शाळांच्या इमारती उभ्या राहण्यामागे भविष्यवाणीचे एक विशिष्ट वाचन आहे, ही गोष्ट येथल्या विद्यार्थ्यांना रिबेराइतकीच सांगण्यासारखी होती. जग उद्याच संपणार असे मानणारा माणूस शाळेचा पाया खणताना वेगळा हिशेब करतो.

पाचवे सत्र टाळता आले तर टाळावे. त्यात श्वापदाच्या चिन्हावर बोलताना बारकोड, आधार क्रमांक, लसीकरणाचे प्रमाणपत्र आणि मोबाईलवरून पैसे देण्याचे क्यूआर कोड यांची चित्रे पडद्यावर दाखवण्यात आली. चिन्हाशिवाय कोणाला विकत घेता किंवा विकता येणार नाही हे तेराव्या अध्यायातील वाक्य खरेच भेदक आहे, परंतु ते प्रथम ज्यांच्या हातात पडले त्या स्मुर्णा, पर्गम आणि थुवतीरा येथील लोकांसाठी त्याचा अर्थ काय होता हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही. पर्गमात इ. स. पू. २९ पासून औगुस्त आणि रोमा यांचे मंदिर होते. थुवतीरा कारागिरांच्या संघांचे शहर होते, आणि संघाच्या मेजवान्यांत मूर्तीला वाहिलेले अन्न चुकवणे कठीण होते. सम्राटाच्या पूजेत भाग न घेणाऱ्याचा बाजारात टिकाव लागणे अवघड जात असावे, हे समजण्यासाठी बारकोडची गरज नाही. भविष्यवादी वाचकाला पुढे अजून मोठी पूर्तता होईल असे म्हणण्याचा अधिकार आहे. पण पहिली पायरी गाळून दुसरीवर उभे राहता येत नाही. खडेबाजारात भाजी घेऊन क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्या आजींना या सत्रानंतर घरी जाताना उगाच धास्ती वाटली असेल, तर तिची जबाबदारी वर्गावर येते.

ख्रिस्त केव्हा परत येणार या तारखांचा प्रश्न मात्र शिक्षकांनी सरळ हाताळला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २,३०० दिवस इ. स. पू. ४५७ पासून वर्षे म्हणून मोजून विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाल्यापासून एक पिढी, म्हणजे चाळीस वर्षे, मोजून अनेकांनी १९८८ कडे डोळे लावले. अमेरिकेतील रेडिओवक्ते हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ आणि ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. या सर्वांना मार्काच्या तेराव्या अध्यायातील, तो दिवस किंवा ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे वचन माहीत होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ज्या पद्धतीतून यांतील १९८८ ची तारीख निघाली ती त्यांच्या स्वतःच्या पद्धतीची सख्खी बहीण आहे, एवढे म्हणण्याचे धैर्य दाखवले असते तर हे सत्र तिसऱ्या सत्राच्या बरोबरीला गेले असते.

पुस्तिका ६४ पानांची, अक्षर मोठे, कागद बरा. तीत चार पद्धतींपैकी एका पद्धतीला जवळजवळ सर्व पाने मिळाली आहेत आणि उरलेल्या तिघींना मिळून दोन. मराठी अनुवादाच्या वळणाची आणि ठिकठिकाणी अडखळणारी आहे. बाबा पदमनजींचा १८३१ साली जन्म झालेल्या गावात ख्रिस्ती मराठी गद्याची परंपरा इतकी जुनी असताना हे खटकते. शिक्षकांचे बोलणे मात्र स्वच्छ, आणि चिकोडीकडच्या मुलांसाठी अधूनमधून कन्नडमध्ये दिलेले स्पष्टीकरण नेमके. बसण्याची सोय ठीक, पंखे कमी, चहा उत्तम. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी ठेवलेली पेटी ही चांगली कल्पना आहे, फक्त निवडक चिठ्ठ्याच वाचल्या जातात अशी शंका येते.

ज्याला आपल्या मंडळीत ऐकलेल्या गोष्टी कोठून आल्या हे जाणून घ्यायचे आहे आणि जो शिक्षकाला अडवून प्रश्न विचारू शकतो, त्याने अवश्य जावे. नव्या विश्वासणाऱ्याने किंवा भीतीने झोप उडालेल्या माणसाने एकट्याने जाऊ नये. कोणीतरी वाचलेले सोबत असावे. जाण्यापूर्वी दानीएलाचे सातवे ते नववे अध्याय आणि मत्तयाचा चोविसावा अध्याय वाचून ठेवावेत, कारण वर्गात वचने भराभर उघडली जातात आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबत नाही. पुढची तुकडी नाताळनंतर असल्याचे सांगण्यात आले. इतर तीन पद्धतींना प्रत्येकी एक पूर्ण सत्र द्यावे आणि ते त्या त्या मताच्या माणसाकडून घ्यावे, अशी लेखी सूचना मी दिली आहे. आयोजकांनी ती घेतली आणि वक्ते सुचवा असे सांगितले. केवळ पुस्तिका १५० रुपयांना मिळते, पण फळ्यावरचे हिशेब तीत नसल्यामुळे ती वेगळी घेण्यात अर्थ नाही.